पाऊस कसा पडतो आणि साथ केव्हा येते : हवामानाचा लहरीपणा व संसर्गजन्य आजार

ऋतुमान :

जूनमध्ये कोरडा दिवस पाळण्याची पत्रके वाटायची, जुलैत धूरफवारणी करायची आणि सप्टेंबरात रुग्ण वाढले की पुन्हा धूरफवारणी करायची, असे आपल्याकडील डासप्रतिबंधाचे वेळापत्रक वर्षानुवर्षे ठरून गेले आहे. पाऊस मात्र या वेळापत्रकाने पडत नाही. कीटकजन्य आजारांच्या सर्वेक्षणाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, हंगामात एकूण किती मिलिमीटर पाऊस झाला या आकड्याला आपण नको इतके महत्त्व देतो. तो किती आठवड्यांत विभागून पडला, मध्ये खंड किती दिवसांचा होता आणि त्या काळात तापमान काय होते, हे पाहिल्याशिवाय डेंग्यू, हिवताप किंवा लेप्टो (उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप) यांपैकी कशाचाच नीट उलगडा होत नाही.

पुण्याचे उदाहरण घेऊ. भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील सोफिया याकूब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील डेंग्यूमृत्यूंची हवामानाशी सांगड घालणारा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी तापमान २७ अंश सेल्सिअसच्या वर, हवेतील आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि मध्यम प्रमाणात पण हंगामभर विखरून पडणारा पाऊस, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की डेंग्यू वाढतो, असे त्यात दिसले. उलट एकाच आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तर अंडी आणि अळ्या वाहून जातात व रुग्ण घटतात. म्हणजे ज्या वर्षी नदीला पूर आल्याच्या बातम्या असतात ते वर्ष डेंग्यूचे असेलच असे नाही, आणि ज्या वर्षाला आपण 'यंदा पाऊस छान झाला' म्हणतो, त्या वर्षी घराघरांतून रुग्ण निघू शकतात.

याचे कारण डासाच्या सवयीत आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती जातीची मादी अंडी थेट पाण्यात सोडत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. तिळापेक्षाही बारीक असलेली ती काळी अंडी कोरड्या भांड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. गच्चीवरच्या टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत किंवा फ्रिजमागच्या ट्रेमध्ये दर दोन-चार दिवसांनी थोडे थोडे पाणी पडत राहिले, तर या डासाला याहून सोयीचे दुसरे काही नको. म्हणूनच भांडे नुसते पालथे घालणे पुरेसे नसते. आतली भिंत काथ्याने खसखसून घासली नाही, तर अंडी तिथेच राहतात.

हिवतापाच्या बाबतीत हा मुद्दा इतिहासातच सिद्ध झालेला आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पंजाबात १९०८ साली अतिवृष्टीनंतर हिवतापाची भयंकर साथ आली. ब्रिटिश वैद्यकीय अधिकारी एस. आर. ख्रिस्टोफर्स यांनी तिचा अभ्यास करून १९११ साली अहवाल दिला आणि मागच्या अनेक वर्षांच्या नोंदी लावून, पंजाबातील मोठ्या साथी मुबलक पावसाच्या वर्षांतच येतात असे दाखवले. आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहा. श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या, नैर्ऋत्येकडील ओल्या पट्ट्यात १९३४ साली पावसाने दगा दिला. एरवी दुथडी वाहणाऱ्या नद्या आटल्या, पात्रात ठिकठिकाणी साचलेल्या पाण्याचे डोह उरले आणि त्या डोहांत डासांची बेसुमार पैदास झाली. १९३४-३५ च्या त्या साथीत सुमारे ८०,००० माणसे दगावली. दोन्हीकडे हिवताप पसरवणारा प्रमुख डास एकच होता : ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस. आपल्या ग्रामीण महाराष्ट्रातही प्रामुख्याने हाच डास हिवताप पसरवतो. कोरड्या पंजाबात त्याला अतिवृष्टीने डबकी दिली, ओल्या सिलोनमध्ये ती अवर्षणाने दिली. जिथल्या नेहमीच्या पावसाची घडी मोडली, तिथे साथ आली. 'जास्त पाऊस म्हणजे जास्त ताप' असे सरसकट सूत्र मांडणाऱ्यांनी या दोन साथी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

तापमानाचा हिशेब तर थेट आकड्यांत मांडता येतो. फॅल्सिपॅरम जातीच्या हिवतापाचा परोपजीवी डासाच्या शरीरात पक्व व्हायला किती दिवस लागतात, यासाठी एक जुने सूत्र वापरले जाते : सरासरी तापमानातून १६ वजा करायचे आणि येणाऱ्या संख्येने १११ ला भागायचे. २० अंशांना हे उत्तर जवळपास २८ दिवस येते, २५ अंशांना १२ दिवस आणि २८ अंशांना ९ दिवस. मादी डास निसर्गात दोन-तीन आठवड्यांहून जास्त क्वचितच जगते. म्हणजे २० अंशांना बहुतेक डास आजार पसरवण्याच्या आधीच मरतात, तर २५ अंशांना त्यांतले कितीतरी डास पुरेसे जगतात. पाच अंशांचा हा फरक आपल्याकडे ऑक्टोबर आणि डिसेंबर यांच्यातला आहे. थंडी तीन आठवडे उशिरा आली, तर संक्रमणाचा हंगामही तितकाच लांबतो. तापमान वाढेल तसा धोका अमर्याद वाढत जातो असेही नाही, कारण ३५ अंशांच्या आसपास डास स्वतःच तग धरत नाहीत.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. शेतीसल्ल्यासाठी त्याचा उपयोग होतो. आरोग्य यंत्रणेच्या साप्ताहिक बैठकीत तो कागद टेबलावर असला पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. आपापल्या भागातील अनुभव व आक्षेप मांडावेत.

कोकणवाट :

धागा अत्यंत आवश्यक होता. मी सिंधुदुर्गात भातशेती करतो, म्हणून लेप्टोविषयी लिहितो. आमच्याकडे हा आजार पुराच्या पाण्यापेक्षा खाचरातल्या चिखलातून येतो. उंदराच्या मूत्रातून बाहेर पडलेले जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात कित्येक दिवस, कधी आठवडेही जिवंत राहतात. माती वाळली की मरतात. लावणीच्या दिवसांत आठ-आठ तास चिखलात उभे राहिल्याने पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, टाचांना भेगा असतातच, आणि जिवाणूंना आत शिरायला तेवढी वाट पुरते.

गमबूट घाला असे सांगितले जाते. ज्यांनी लावणी केली आहे त्यांना ठाऊक आहे की, गुडघाभर चिखलात गमबूट रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो. त्यामुळे बांधावर, गोठ्यात, कापणीच्या वेळी गमबूट आणि लावणीच्या वेळी पायाला तेल लावून, संध्याकाळी साबणाने पाय धुऊन चिखल्यांवर मलम, एवढेच प्रत्यक्षात होते. जखम मोठी असेल तर त्या दिवशी खाचरात उतरू नये, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठामपणे सांगायला हवे.

आपण म्हणता तो पावसाच्या वितरणाचा मुद्दा इथेही लागू पडतो. पूर्वी कापणीच्या सुमारास जमीन बऱ्यापैकी सुकलेली असायची. परतीचा पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला की भात आडवे पडते, दाण्यांसाठी उंदीर आलेले असतात आणि माणसे त्याच ओल्या शेतात वाकून कापत असतात. अशा वर्षी दिवाळीच्या तोंडावर तापाचे रुग्ण निघतात, आणि तोवर लेप्टोची जनजागृती मोहीम संपलेली असते.

दवाखाना :

मी मुंबई महानगरातील एक सामान्य वैद्यकीय व्यावसायिक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, हे अनेकांना आठवत असेल. त्या अनुभवावरून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे वेळ. लेप्टोचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, बहुधा ५ ते १४ दिवसांचा असतो. पाणी ओसरते, लोक कामाला लागतात, बातम्या थांबतात आणि मग दुसऱ्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात गर्दी होते. पोटऱ्या दाबल्यावर रुग्ण कळवळतो, डोळे लाल असतात, ताप उतरत नाही. त्याला 'गेल्या पंधरवड्यात गुडघाभर पाण्यातून चालला होतात का' हा एक प्रश्न विचारला, तर निदानाची दिशा बदलू शकते. साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारावे. गर्भवती आणि लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते, त्यामुळे दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

डेंग्यूचाही असाच हिशेब मांडता येतो. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस, रुग्णाला चावल्यावर विषाणू डासात तयार व्हायला ८ ते १२ दिवस, आणि त्या डासाने दुसऱ्याला चावल्यावर ताप यायला साधारण ४ ते ७ दिवस. बेरीज केली तर पावसाची सर आणि तिच्यातून उद्भवलेला रुग्ण यांच्यात तीन ते चार आठवडे जातात. मोठी साथ उभी राहायला अशी दोन-तीन आवर्तने लागतात. म्हणून रुग्णालयातील खाटा भरल्यावर सुरू केलेली मोहीम महिना-दोन महिने उशिराची असते.

लातूरकर :

आतापर्यंतची चर्चा पावसाविषयी झाली. पाऊस नसताना काय होते, तेही नोंदवावेसे वाटते. २०१५ च्या अवर्षणानंतर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना माहीत आहे. त्या काळात घरोघरी काय होते ते बाहेरच्यांना दिसले नाही. नळ आठ-दहा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा येई, टँकरची वेळ अनिश्चित. त्यामुळे बॅरल, रांजण, हौद, कढया, बादल्या, लग्नातली घंगाळीसुद्धा भरून ठेवलेली असत. 'आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करा' असे सांगायला आशाताई आल्या, तेव्हा माझ्या शेजारच्या काकूंनी त्यांना विचारले, "बाई, हे पाणी ओतून देऊ, तर लेकरांना प्यायला काय देऊ?" त्यावर त्या बिचाऱ्या काय बोलणार?

साठवणुकीचे पाणी स्वच्छ असते, सावलीत असते आणि हलवले जात नाही. एडिस डासाला तेच हवे असते. म्हणून टंचाईच्या भागात संदेश वेगळा हवा : पाणी ओतू नका, धोतराचे किंवा सुती साडीचे कापड दोरीने घट्ट बांधून झाका, आणि भांडे पूर्ण रिकामे होईल त्या दिवशी ते घासल्याशिवाय पुन्हा भरू नका. पुण्या-मुंबईसाठी तयार केलेले पत्रक मराठवाड्यात जसेच्या तसे वाटून काही साधत नाही.

शंकेखोर :

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु माझा एक आक्षेप आहे. सगळे हवामानावर ढकलले की गटारे न उपसणाऱ्यांची, कचरा न उचलणाऱ्यांची आणि आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे न भरणाऱ्यांची आपोआप सुटका होते. तोच पाऊस दोन वस्त्यांवर पडतो. एका वस्तीत साथ येते, दुसरीत येत नाही. मग कारण हवामान कसे?

ऋतुमान :

शंकेखोर यांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्याचे उत्तर पुन्हा ख्रिस्टोफर्स यांच्याच अहवालात सापडते. त्यांनी हिवतापाच्या मृत्यूंशी पाऊस ताडून पाहिला, तसेच धान्याचे भावही ताडून पाहिले. नुसत्या पावसाने ताप वाढत होता. पण मृत्यूंचा कहर झाला तो पाऊस आणि महागाई एकत्र आलेल्या वर्षांत. उपाशी माणसाला तोच ताप मारून टाकत होता. पुढे पंजाबात सी. ए. गिल यांनी साथीचे पूर्वानुमान बांधायला सुरुवात केली, तेव्हा पावसाबरोबर मुलांमधील प्लीहावाढीचे (ही वारंवार झालेल्या हिवतापाची खूण) प्रमाण आणि धान्याचे भावही हिशेबात धरले. उपग्रह आणि संगणक येण्याच्या कितीतरी आधी ही माणसे हवामान, प्रतिकारशक्ती आणि भूक यांचा एकत्र विचार करत होती.

अलीकडचे उदाहरण पाकिस्तानचे आहे. २०२२ च्या महापुरानंतर तिथे हिवतापाचे रुग्ण आदल्या वर्षीच्या सुमारे पाचपट झाले. पूर हे निमित्त खरेच. पण घरे पडल्याने लाखो लोक उघड्यावर आले, आरोग्य केंद्रे पाण्याखाली गेली आणि साचलेले पाणी महिनोन्‌महिने उपसले गेले नाही, म्हणून संख्या इतकी वाढली. साथ केव्हा येऊ शकते हे हवामान सांगते. ती कुणाच्या घरात शिरेल आणि कोण दगावेल, हे मुख्यतः पाणीपुरवठा, घर, पोषण आणि दवाखाना यांवर ठरते. हवामानाचा अंदाज हाताशी असताना गटार उपसले गेले नाही, तर यंत्रणेची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. कारण 'अचानक साथ आली' हे म्हणण्याची सोय राहत नाही.

लातूरकर यांनी सांगितलेला टंचाईचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता. कापड बांधण्याची सूचना मी माझ्या ओळखीच्या आरोग्यसेवकांपर्यंत नक्की पोहोचवतो.

सह्याद्रीपार :

कामानिमित्त बरीच वर्षे पूर्व आफ्रिकेत राहिलो असल्याने तिथला एक दाखला देतो. केनिया, सोमालिया, टांझानिया या पट्ट्यात रिफ्ट व्हॅली ताप नावाचा गुराढोरांचा आणि माणसांचा आजार आहे. तो पसरवणाऱ्या काही डासांच्या अंड्यांतच विषाणू असतो. ती अंडी गवताळ सखल खळग्यांत वर्षानुवर्षे कोरडी पडून राहतात आणि एल निनोच्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापून तिथे धुवाधार पाऊस झाला की एकदम फुटतात. १९९७-९८ मध्ये अशीच मोठी साथ आली. त्यातून धडा घेऊन समुद्राचे तापमान आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ यांच्या आधारे २००६ साली आगाऊ इशारा देण्यात आला, आणि डिसेंबर २००६ मध्ये केनियाच्या गारिसा भागात खरोखरच रुग्ण सापडले. इशारा खरा ठरला. तरीही जनावरांच्या लसीकरणाला पुरेसा अवधी मिळाला नाही. चिखलात रस्ते बुडाल्यावर तिथे लस पोहोचवणे फार कठीण असते. अंदाज मिळाल्यानंतर काय करायचे हे आधी ठरलेले नसेल, तर नुसत्या अंदाजाने फारसे साधत नाही, हे मी तिथे पाहिले.

काजूबाग :

दोडामार्ग आणि पलीकडे गोव्यातील सत्तरी भागात माकडताप (गोचिडींमुळे पसरणारा ताप) आहे, तो मात्र पावसाळ्यानंतरचा आजार आहे. गोचिडीची पिल्ले साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत जंगलात सक्रिय असतात, आणि नेमका तोच काळ काजू गोळा करण्याचा व सरपणाचा. पावसाळा लांबला तर हा काळ पुढे सरकतो का, याचा कुणी अभ्यास केला असल्यास वाचायला आवडेल. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला लगेच कळवावे, एवढे सर्वांनी लक्षात ठेवावे.

दवाखाना :

ऋतुमान, प्रभाग किंवा ग्रामपंचायत पातळीवर नेमके काय करावे असे आपल्याला वाटते? आम्ही डॉक्टर आमच्या बाजूने काय देऊ शकतो?

ऋतुमान :

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने एक साधा साप्ताहिक तक्ता ठेवावा. त्यात आठवड्याचा एकूण पाऊस, पावसाचे दिवस, सरासरी तापमान, कंटेनर सर्वेक्षणात (घरोघरच्या पाणी साचलेल्या भांड्यांच्या तपासणीत) किती घरांत अळ्या सापडल्या त्याची टक्केवारी आणि तापाच्या रुग्णांची संख्या, एवढे पाच रकाने पुरेत. महसूल मंडळांत पर्जन्यमापक आहेतच. तीन-चार हंगामांच्या नोंदी जमल्या की, आपल्या गावात पावसानंतर किती आठवड्यांनी रुग्ण वाढतात हे गावालाच दिसू लागते, आणि ते उत्तर लातूरला व कणकवलीला एकच येणार नाही. अंदाजात रिमझिम आणि उघडीप यांचे दोन-तीन आठवडे दिसत असतील, तर अळीनाशक फवारणी आणि घरभेटी त्याच आठवड्यात उरकाव्यात. धूरफवारणीवर मात्र भरवसा ठेवू नये. ती फक्त उडत्या डासांना मारते, अळ्या आणि अंडी तशीच राहतात. शिवाय एडिस दिवसा चावतो आणि घरात पलंगाखाली, कपड्यांच्या मागे बसून असतो. मुसळधार पाऊस होऊन गेला तर डेंग्यूच्या मोहिमेला काही दिवस उसंत देऊन तीच माणसे लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्यांच्या वाटपाला लावता येतील. सह्याद्रीपार यांनी सांगितले तसे, कोणत्या अंदाजावर कोणते काम, कुणी आणि किती दिवसांत करायचे, हे मे महिन्यातच कागदावर असावे. अहमदाबादने हे उष्णतेच्या बाबतीत करून दाखवले आहे : मे २०१० च्या लाटेत शेकडो बळी गेल्यावर तिथल्या महापालिकेने २०१३ साली उष्णता कृती आराखडा आणला आणि अंदाजातील तापमानाच्या पातळीनुसार कोणत्या विभागाने काय करायचे ते ठरवून दिले. साथीच्या आजारांसाठी तसा आराखडा करायला वेगळा कायदा लागत नाही.

डॉक्टरांकडून एक गोष्ट हवी. खासगी दवाखान्यांतील तापाचे रुग्ण सरकारी नोंदीत फार कमी येतात. डेंग्यूची खात्री झालेले आणि संशयित, दोन्ही रुग्ण ताप सुरू झाल्याच्या तारखेसह आणि राहत्या वस्तीसह दर आठवड्याला कळवावेत. दाखल झाल्याची तारीख पावसाशी जुळवायला उपयोगाची नसते. आणि हा तक्ता सप्टेंबरअखेर बंद करू नये. कोकणवाट यांनी वर्णन केलेले कापणीच्या वेळचे लेप्टोचे रुग्ण आणि पुण्यातले पावसाळ्यानंतरचे डेंग्यूचे रुग्ण, दोन्ही पकडायचे असतील तर नोंदी जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालू ठेवाव्या लागतील.